क्रिएटिनिन वाढले म्हणून हृदयाची औषधे बंद करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, हृदयाचे पंपिंग (म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातले जितके टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते) ३० टक्के. पाय सुजत होते, चार पावले चालले तरी दम लागत होता, म्हणून डॉक्टरांनी चार नवी औषधे सुरू केली. तीन आठवड्यांत सूज उतरली, रात्री आडवे झोपता येऊ लागले. पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, १.२ वरून १.५ वर गेले. आता घरच्यांना भीती वाटते की हृदय वाचवण्याच्या नादात किडनी गमावून बसू. औषधे थांबवावीत का, आणि डॉक्टरांनी सुचवलेली अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून केलेली हृदयाच्या धमन्यांची तपासणी) करावी की टाळावी, असे तुम्ही विचारले आहे.

औषधे स्वतःहून बंद करू नका. मी मूत्रपिंडाचा डॉक्टर आहे, म्हणजे या भांडणात किडनीच्या बाजूचा माणूस, तरीही हेच सांगेन. तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून वडिलांची तब्येत सुधारते आहे, आणि क्रिएटिनिनची ही वाढ त्या सुधारणेचाच भाग असण्याची शक्यता मोठी आहे. असे का, ते नीट समजून घ्या, कारण हा प्रश्न पुढच्या प्रत्येक रक्ततपासणीच्या वेळी पुन्हा उभा राहणार आहे.

दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम. तरी विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्याकडे जाते. इतके रक्त या अवयवाला स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही, ते गाळण्यासाठी लागते. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतला जातो. ही गाळणी दाबावर चालते. त्यामुळे हृदयाचा जोर कमी झाला की त्याचा पहिला सुगावा ज्यांना लागतो, त्यांत मूत्रपिंड असते.

आणि ते गप्प बसत नाही. रक्त कमी येते आहे असे जाणवताच मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क टोचून रक्तदाब वाढतो हे दाखवले आणि त्या द्रव्याला हे नाव दिले. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आवळतात. अ‍ॅल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. जखमेतून रक्त वाहून गेले असेल किंवा जुलाबाने शरीर कोरडे पडले असेल, तर हीच यंत्रणा जीव वाचवते. दुबळ्या हृदयाच्या माणसात मात्र शरीरात पाणी आधीच जास्त असते. मूत्रपिंडाला ते कळत नाही, त्याला फक्त एवढेच कळते की माझ्यापर्यंत रक्त पुरेसे येत नाही. मग ते आणखी पाणी साठवते, हृदयावर ओझे वाढते, हृदय आणखी थकते. तुमच्या वडिलांच्या पायांवरची सूज या फेऱ्यातून आलेली होती.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक डॉक्टर रुग्णांना सांगतात. हिची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. हृदय दुबळे असताना मूत्रपिंड बिघडते ते केवळ पुढून रक्त कमी आल्यामुळे नाही. मागून रक्त परत जात नाही, शिरा तुंबलेल्या असतात, यामुळेही बिघडते. मोरी तुंबली की नळ कितीही सोडला तरी घाण वाहून जात नाही, तसे हे आहे. गाळणीच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतल्या फरकावर गाळण्याचे काम होते. पलीकडे शिरांमधला दाब वाढला की हा फरकच घटतो. शिवाय मूत्रपिंडाभोवतीचे आवरण घट्ट असते, ते फारसे ताणत नाही. आत सूज आली की नाजूक नलिका दाबल्या जातात. पोटात पाणी साठले असेल तर बाहेरूनही दाब येतो. २००९ साली क्लीव्हलँडमधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या तीव्र दुबळेपणामुळे दाखल झालेल्या रुग्णांमध्ये हे मोजून पाहिले. कोणाची किडनी बिघडणार, याचा अंदाज हृदय मिनिटाला किती रक्त फेकते यापेक्षा मोठ्या शिरेतला दाब किती आहे यावरून जास्त चांगला येत होता.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. पाय सुजलेले, दम लागलेला आणि क्रिएटिनिन वाढलेले, असा रुग्ण आला की ‘किडनी कोरडी पडली, लघवीची गोळी बंद करा, सलाइन लावा’ असे करण्याचा मोह होतो. अशा बहुतेक रुग्णांत गरज नेमकी उलटी असते. पाणी काढले की शिरांमधला दाब उतरतो आणि लघवी सुटते, आणि पुष्कळदा क्रिएटिनिनही खाली येते.

आता तुमच्या वडिलांसारखी स्थिती घ्या: सूज उतरली, पण क्रिएटिनिन थोडे वाढले. पाणी निघताना रक्तातला द्रव तात्पुरता कमी होतो, आणि त्याच वेळी सुरू केलेल्या गोळ्या गाळणीतला दाब मुद्दाम कमी करतात. या दोन्हींमुळे आकडा वर जातो. त्याचा अर्थ मूत्रपिंडाच्या पेशी मेल्या असा होत नाही. २०११ साली ‘डोस’ नावाच्या चाचणीत काही रुग्णांना लघवीच्या औषधाचा जास्त डोस आणि काहींना कमी डोस दिला होता. जास्त डोस मिळालेल्यांमध्ये क्रिएटिनिन अधिक वेळा वाढले, पण ही वाढ तात्पुरती होती. साठ दिवसांनी दोन्ही गटांच्या मूत्रपिंडांत फरक उरला नव्हता, आणि जास्त डोसवाल्यांचे पाणीही अधिक निघाले होते. म्हणून मी आकडा कधीच एकटा वाचत नाही. क्रिएटिनिन वाढले आणि सूज, दम, वजन उतरले, तर मी निवांत असतो. क्रिएटिनिन वाढले आणि सूजही तशीच राहिली, तर मात्र मला काळजी वाटते.

लघवीच्या गोळीबद्दल आणखी एक. फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइडचा डोस वाढवला की घरचे लोक म्हणतात, आधीच किडनी नाजूक आणि वर डोस दुप्पट! हे औषध रक्तातून नलिकेच्या आत पोचले तरच काम करते. मूत्रपिंडाचे काम मंदावले की आत पोचणारे प्रमाण घटते, त्यामुळे तोच परिणाम मिळवायला मोठा डोस लागतो. एका ठरावीक पातळीखालचा डोस दिवसातून तीनदा दिला तरी लघवी वाढत नाही. डोस मोठा असणे हा किडनीवरचा अत्याचार नव्हे.

वडिलांना सुरू झालेली चार औषधे बहुधा अशी असतील: अँजिओटेन्सिनची साखळी रोखणारे एक, हृदयाचे ठोके संथ करणारे बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. बीटा ब्लॉकर सोडले तर बाकी तिन्हींचा मूत्रपिंडाशी थेट संबंध आहे.

पहिल्या गटातली औषधे (रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन यांसारखी) गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करतात. गाळणीतला दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन वाढते. हाच उतरलेला दाब पुढे वर्षानुवर्षे गाळणीची झीज वाचवतो. आम्ही साधारणपणे मूळ आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतची वाढ स्वीकारतो. १.२ वरून १.५ ही वाढ २५ टक्के होते. म्हणजे औषध चालू ठेवायचे आणि एक-दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे. वाढ ३० टक्क्यांच्या पुढे गेली, तर आधी कारण शोधायचे: पाणी प्रमाणाबाहेर काढले गेले का, रक्तदाब फार खाली आला का, मध्येच कोणी वेदनाशामक दिले का, आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्या अरुंद झाल्या आहेत का. यातले शेवटचे कारण विरळ असले तरी विसरू नये असे आहे.

स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम क्रिएटिनिनपेक्षा पोटॅशियमवर जास्त होतो. १९९९ सालच्या ‘रेल्स’ चाचणीत गंभीर हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये या स्वस्त, जुन्या गोळीने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. डॉक्टरांनी ती उत्साहाने लिहायला घेतली, आणि कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. चाचणीतल्या रुग्णांचे रक्त ठरल्याप्रमाणे वारंवार तपासले जात होते, बाहेरच्या जगात तसे होत नव्हते. पोटॅशियम ५.५ च्या वर गेले तर डोस कमी करावा लागतो किंवा थांबवावा लागतो. ६ च्या वर गेले तर त्याच दिवशी ईसीजी आणि उपचार हवेत, कारण हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात आणि त्याआधी रुग्णाला काहीही जाणवलेले नसते. अहवाल हातात आला की लोक क्रिएटिनिनकडे पाहतात. तुम्ही पोटॅशियमही पाहा.

डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनबद्दल मला मनापासून बोलावेसे वाटते, कारण मूत्रपिंडरोगात अनेक वर्षे नवे काही येत नव्हते आणि ही औषधे आली. मुळात मधुमेहासाठीची. त्यांचा पूर्वज फ्लोरिझिन हा १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केलेला पदार्थ. २०१९ मध्ये ‘डापा-एचएफ’ने दाखवले की हृदयाच्या दुबळेपणात हे औषध मधुमेह नसलेल्यांनाही उपयोगी पडते. २०२० मध्ये ‘डापा-सीकेडी’ चाचणीत मूत्रपिंडाचा मोठा ऱ्हास, डायलिसिसची वेळ, किंवा मूत्रपिंड वा हृदयविकाराने मृत्यू या एकत्रित धोक्यात ३९ टक्के घट दिसली. हृदय आणि मूत्रपिंड यांतले एक वाचवायचे असेल तर दुसऱ्याचा बळी द्यावा लागतो, हा जुना समज या औषधांनी मोडला. त्यांच्याही सुरुवातीला गाळण्याचा वेग थोडा उतरतो आणि मग बरीच वर्षे घसरण मंदावते. पहिल्या महिन्यातला हा उतार पाहून औषध थांबवणे म्हणजे फायदा सुरू होण्याआधीच तो सोडून देणे. त्रास म्हणाल तर जननेंद्रियाजवळ बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, स्वच्छता ठेवावी लागते. उपास असेल, फार उलट्या होत असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी तात्पुरती थांबवावी, कारण रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो आणि साखर फारशी न वाढताही तो संभवतो.

क्रिएटिनिनच्या मर्यादा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हे द्रव्य स्नायूंमधून येते. अंगाने वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे क्रिएटिनिन १.० असूनही मूत्रपिंडाचे काम बरेच घटलेले असू शकते, आणि पिळदार तरुणाचे १.३ असूनही सगळे ठीक असू शकते. गाळण्याची क्षमता निम्मी होईपर्यंत आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहिल्याची उदाहरणे नेहमी दिसतात. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ई-जीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहतात. २०२१ च्या सूत्राने तुमच्या वडिलांचा तो साधारण ६६ वरून ५० वर आलेला असेल. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. तीन आठवड्यांत एकदा ५० आला म्हणजे तसे म्हणता येत नाही.

एक तपासणी मात्र नक्की करून घ्या: लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर. सकाळच्या लघवीचा छोटा नमुना पुरतो. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर चांगले, ३०० च्या वर असेल तर मूत्रपिंडाला स्वतःचा आजार आहे असे धरून चालावे लागते. अल्ब्युमिन गळते याचा अर्थ शरीरभरातल्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावलेले आहे, आणि ई-जीएफआर उत्तम असतानाही त्यावरून हृदयविकाराचा धोका कळतो. इतकी सोपी, इतके सांगणारी तपासणी हृदयाच्या रुग्णांच्या फाइलमध्ये मला फार वेळा सापडत नाही, याचे वाईट वाटते.

नाते उलट दिशेनेही चालते. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवले होते की मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेल्यांचे हृदय मोठे आणि जाड झालेले आढळते. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या ११ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसले की ई-जीएफआर ६० च्या खाली जसजसा घसरतो तसतसे हृदयविकार आणि मृत्यू पायरीपायरीने वाढत जातात. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार असलेल्या बहुतेक लोकांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्याआधी हृदय दगा देते. रक्तदाब वाढलेला राहतो, फॉस्फरसचा तोल बिघडून धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठते, हिमोग्लोबिन कमी होते, हृदयाचा स्नायू जाड आणि ताठर होतो. छातीत कळ येण्याऐवजी नुसता दम किंवा थकवा जाणवतो, म्हणून झटका उशिरा ओळखला जातो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही अशा रुग्णांत कायमच थोडे वाढलेले असू शकते. काही तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत ते चढते आहे का, यावर निदान ठरते. डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतले तर विनाकारण घेतले असे समजू नका.

हृदय आधी की किडनी आधी, अचानक की हळूहळू, यावरून २००८ मध्ये या जोड-आजाराचे पाच प्रकार ठरवले गेले. शिकवायला ते बरे. रुग्णासमोर मात्र दोन-तीन प्रकार बहुधा एकाच वेळी हजर असतात, त्यामुळे वडिलांचा प्रकार कोणता यात तुम्ही अडकू नका.

घरी काय सांभाळायचे? रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे, सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ घेऊ नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते आणि वडिलांच्या औषधांबरोबर ते घातक ठरू शकते. किडनी साफ राहावी म्हणून भरपूर पाणी प्या, असा सल्ला त्यांना अनेक जण देतील. त्यांच्यासाठी तो चुकीचा आहे; किती प्यायचे ते डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्या.

वेदनाशामक गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्या जातीतल्या सगळ्या, कायमच्या वर्ज्य. गाळणीत शिरणारी रक्तवाहिनी उघडी ठेवणारी द्रव्ये या गोळ्या बंद करतात. रॅमिप्रिलसारख्या औषधाने बाहेरची वाहिनी सैल केलेली, लघवीच्या गोळीने द्रव कमी केलेला, आणि त्यात ही तिसरी गोळी पडली की दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडू शकते. गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या एका पट्टीने हे झालेले मी पाहिले आहे, आणि दर वेळी ते टाळता आले असते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल प्रमाणात चालते. जुलाब, उलट्या, तापाने खाणेपिणे बंद, अशी वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते विचारा. खाणेपिणे सुरळीत झाल्यावर एक-दोन दिवसांत त्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. थांबवलेली औषधे पुन्हा सुरू करायची राहून जातात, आणि मग दोन महिन्यांनी सुजलेल्या पायांनी रुग्ण परत येतो.

आता अँजिओग्राफी. त्यात वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते हे खरे, पण हा धोका पूर्वी मानला जात होता त्यापेक्षा कमी आहे, आणि तो मुख्यतः ई-जीएफआर ३० च्या आसपास किंवा खाली असलेल्यांना असतो. ५० असताना केवळ किडनीच्या भीतीने तपासणी नाकारणे मला योग्य वाटत नाही. पंपिंग ३० टक्के का झाले, धमन्या बंद आहेत का, हे कळणे उपचारांसाठी गरजेचे आहे. मूत्रपिंड फारच दुबळे असते आणि छातीचे दुखणे स्थिर असते, तर उत्तर वेगळे येऊ शकले असते: २०२० च्या ‘इस्केमिया-सीकेडी’ चाचणीत ई-जीएफआर ३० च्या खालच्या अशा रुग्णांना सरसकट अँजिओग्राफी करून औषधांपेक्षा अधिक फायदा झाला नाही. आणि झटका चालू असेल तर क्रिएटिनिनच्या अहवालाची वाट पाहत एक मिनिटही घालवायचे नाही.

ठरवून करायची असल्याने तुमच्या हातात वेळ आहे. वजन स्थिरावू द्या, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा पुन्हा पाहा. रंगद्रव्य शक्य तितके कमी वापरावे अशी विनंती करा. डॉक्टरांना ती खटकणार नाही. वडील मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर ती कधी थांबवून कधी सुरू करायची ते आधी विचारा. सलाइन लावायचेच झाले तर त्यांचे पंपिंग ३० टक्के आहे हे लावणाऱ्याला माहीत असू द्या. तपासणीनंतर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा करा. इजा झाली असेल तर ती त्याच सुमारास दिसते.